बंदुकीला ग्रीस कुठलं लावावं? नव्या परवानावाल्यांसाठी

आपल्याकडं बंदुकी दोनच तऱ्हेनं ठेवलेल्या दिसतात. एक तर कोरडीठाक, दसऱ्याला बाहेर काढली, पूजा केली की परत कपाटात. नाहीतर मग ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा उघडून बोटबोट माल सगळीकडं फासलेला, नळीत बी, घोड्यावर बी अन् चापाच्या खाचेत बी. दोन्ही चूकच पण मला विचाराल तर दुसरी जास्त वाईट, कारण कोरड्या बंदुकीचा गंज डोळ्याला दिसतो, ग्रीसनं लडबडलेली मात्र बाहेरून चकाचक असते अन् आत काय झालंय ते चाप ओढेपर्यंत कळत नाही.

आता बऱ्याच जणांच्या नावावर वडिलांची नाहीतर आज्याची बारा बोअर वारसानं यायलीय, काही पोरं सैन्यातून रिटायर होऊन बँकेत गार्ड लागलेत, किनवट-माहूर पट्ट्यात रानडुकरापायी पीक संरक्षणाचा परवाना घेतलेले शेतकरी आहेत, आणि सगळे एकच विचारायलेत की भाऊ ग्रीस कुठलं घेऊ. खरं तर हा दुसरा प्रश्न झाला. आधी विचारायचं ते कुठं लावू. जागा कळल्या की डबा निवडायला पाच मिनिटं लागतात.

(पीक संरक्षणावरून आठवलं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. असो.)

आधी खाली करा, मग हात लावा

दुनळी असली तर मोडून (म्हणजे बिजागरीवर नळी खाली पाडून, उघडून) दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा. रायफल असली तर मॅगझिन काढा, बोल्ट (मागचा सरकता दांडा) मागं घ्या, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यानं बघा अन् करंगळी घालून बी बघा. काडतुसं ह्या खोलीतच ठेवायची नाहीत. लोकं हे सुरक्षेपायी सांगतात ते बरोबरच आहे, पण अजून एक कारण आहे जे कोणी सांगत नाही, ते म्हणजे पातळ भेदक तेल काडतुसाच्या टोपीत (बुडाला पिन आदळते ती) शिरलं की आतला मसाला निकामी होऊ शकतो. मग ऐन वेळी फुसका बार. तेलाचे हात अन् काडतूस, दोन्ही लांब ठेवायचे.

जुनं काढल्याशिवाय नवं लावायचं नाही

ह्याचा लोकांना लै कंटाळा. जुन्या ग्रीसवरच नवं ग्रीस, त्यावर अजून एक थर. पण जुन्या थरात आपल्या भागातली सगळी धूळ बसलेली असते, काळ्या मातीची, सोयाबीन काढताना उडालेली, कापसाचे तंतू वेगळेच. ग्रीस अन् बारीक माती एकत्र झाली की ते पॉलिश पेपरचं काम करतं, दर वेळी नळी मोडली की थोडं लोखंड घासून जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळी ग्रीसं एकमेकांत चालत नाहीत. लिथियमवालं अन् बेंटोनाइट मातीवालं मिसळलं की काही वेळा दोन्ही पातळ होऊन वाहायला लागतात. आधी काय लावलंय हे माहीत नसलं (अन् वारसानं आलेल्या बंदुकीत ते कधीच माहीत नसतं) तर रॉकेलनं नाहीतर डिझेलनं जुना ब्रश ओला करून सगळं धुऊन काढा, सुती चिंधीनं पुसा, तासभर वाळू द्या. हे उघड्यावर करा, जवळ बिडी-सिगारेट नको. लाकडी दस्त्यावर रॉकेल जाऊ देऊ नका, पॉलिश जातं अन् लाकूड मऊ पडतं. दस्ता लोखंडात जिथं बसतो तिथलं लाकूड बऱ्याच जुन्या बंदुकींत तेल पिऊन पिऊन काळं झालेलं असतं, त्याचं कारण बंदूक उभी ठेवून वरून तेल ओतणं.

आतलं लॉक खोलायच्या भानगडीत पडू नका. स्प्रिंग उडाली तर डोळा जाईल, अन् स्क्रूच्या खाचा बिघडल्या की नंतर परवानावाला कारागीर बी शिव्या देतो. बाहेरून जे निघतं तेवढंच आपलं.

तेल कुठं, ग्रीस कुठं

जिथं भाग फिरतो, छोटाय, स्प्रिंगवर चालतो, तिथं तेलाचा थेंब. जिथं दोन लोखंडं एकमेकांवर दाबून घसरतात तिथं ग्रीस. तेल पातळ असल्यानं बारीक फटीत जातं पण दाबाखाली टिकत नाही, दोन-चार महिने उभ्या बंदुकीतून खाली बी उतरतं. ग्रीस जाग्यावर राहतं पण बारीक कामाला आळशी.

दुनळीत ग्रीसच्या जागा मोजक्याच आहेत. बिजागरीची पिन अन् नळीखालचा तो अर्धगोल आकडा जो तिच्यावर बसतो. पुढची लाकडी मूठ काढली की तिच्या लोखंडाचा गोलाकार भाग दिसतो, तो बॉडीवर घासतो, तिथं. नळीखालचे लग (लोखंडी उंचवटे) जिथं बंद होताना अडकतात त्यांच्या घासणाऱ्या बाजू. घोडे आत असलेली बंदूक असली तर नळी मोडताना घोडा चढवणारे दांडे जिथं रेटले जातात तिथं. बस. प्रत्येक जागी काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं ग्रीस, बोटानं पसरून असं करायचं की लोखंड ओलं दिसलं पाहिजे पण ग्रीसचा रंग दिसता कामा नये. नळी चार-पाच वेळा मोडा-जोडा, जे बाहेर येईल ते चिंधीनं पुसून टाका.

बाहेरचे घोडे असलेली जुनी दुनळी असेल तर घोड्याच्या बुडाला तेलाचा एक थेंब, वरच्या लिव्हरला एक थेंब.

बोल्टवाली .३१५ रायफल असली (इशापूरच्या कारखान्याची आपल्याकडं बरीच दिसते) तर बोल्टच्या लगांची मागची बाजू, जी बंद केल्यावर दाब घेते, अन् बोल्ट चालवताना जिथं पिन चढते तो तिरका उतार, ह्या दोन जागी ग्रीस. बाकी बोल्टला तेलाचा नुसता हात. .२२ ला बी हेच, फक्त अजून कमी. पिस्तूल असेल तर स्लाइड (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) ज्या पट्ट्यांवर पळते त्या पट्ट्या, अन् नळीच्या बाहेरचा जो भाग स्लाइडला घासून चकाकलेला दिसतो तो. चकाकलेला भाग बघा, बंदूक स्वतःच सांगते कुठं घासतंय. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरला ग्रीस जवळपास लागतच नाही, चक्री ज्या दांड्यावर फिरते त्याला अन् बिजागरीला तेल पुरे.

कुठं बिलकुल नाही

चेंबर अन् नळी. बार काढायच्या आधी दोन्ही कोरडी पाहिजेत. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर तो अडथळाच आहे, नळी फुगते, फाटू बी शकते. रायफलच्या चेंबरला तेल असलं तर दुसरा लोचा होतो, बार झाला की काडतुसाची पितळी नळकांडी (केस) फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते अन् मागचा बराचसा धक्का तिथंच अडतो, पण भिंत तेलकट असली की पकड सुटते अन् सगळा जोर बोल्टवर येतो.

फायरिंग पिनचं भोक. इथं ग्रीस म्हणजे नुसता ताप. थंडीत घट्ट झालं की पिन हळू येते, टोपीवर नुसता डाग पडतो, बार होत नाही. अन् मातीत कालवून चिकट झालं तर पिन पुढंच अडकून राहू शकते, मग नळी किंवा बोल्ट बंद करताच बार. ही गोष्ट गंमत नाही.

मॅगझिन कोरडं ठेवायचं. चापाच्या खाचेतून तेल-ग्रीस सोडायचं नाही, आतल्या दातांवर धूळ जमते.

आता डबा निवडू

ग्रीस म्हणजे काय तर साबणाच्या जाळीत अडकवलेलं तेल, वर थोडी औषधं. काम तेलच करतं, साबण त्याला धरून ठेवतो. म्हणून डब्यावर तीन गोष्टी बघायच्या: घट्टपणाचा नंबर, साबण कुठला, अन् काही पूड टाकलीय का.

नंबर ००० पासून ६ पर्यंत असतात. २५ अंशाला ठेवलेल्या ग्रीसवर एक ठरलेल्या वजनाचा शंकू सोडतात, ५ सेकंदांत तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर आत गेला तर २ नंबर, ३१ ते ३४ गेला तर १ नंबर. आपल्याला हेच दोन कामाचे. ऑटोच्या दुकानात एपी-३ नावानं जे मिळतं ते ३ नंबरचं, व्हील बेअरिंगसाठी ठीक, बंदुकीला जरा जडच. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४४ वर जातो तेव्हा २ नंबर बरा, जाग्यावर राहतो. पण त्याच परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी येतो, तेव्हा पिस्तुलाच्या पट्ट्यांना १ नंबर जास्त मोकळा वाटतो. दुनळीला वर्षभर २ नंबर चालतो, तिथं तुम्ही हातानं मोडता, स्प्रिंगच्या भरवशावर काही नाही.

साबणात लिथियम घ्या, सगळीकडं मिळतं. सर्वो, मॅक, एचपी कुठलंही चालेल, त्यात मी भेद करत नाही. साधं कॅल्शियमवालं पाण्याला चांगलं टिकतं पण साधारण ९०-१०० अंशाला वितळून थेंब पडतो, लिथियमचा १८० च्या पुढं पडतो. आता दुकानदार तुम्हाला हाय टेंपरेचर म्हणून महाग डबा दाखवेल, दुनळीची बिजागरी काही एवढी तापत नसते, पैसे वाचवा. खरा त्रास उष्णतेनं वेगळाच होतो, बंद पेटीत नाहीतर गाडीच्या डिकीत महिना-महिना राहिलं की ग्रीसमधलं तेल हळूहळू सुटतं अन् साबण कोरडा उरतो.

ह्यासाठी घरची एक परीक्षा आहे. जुन्या सुरीच्या पात्यावर ग्रीसचा पातळ हात मारा अन् उन्हाळ्यात पत्र्यावर दिवसभर सुरी तिरकी ठेवा. संध्याकाळी ग्रीस होतं तिथंच असलं तर घ्या. तेल ओघळून खाली अन् वर खडूसारखं काही राहिलं तर तो डबा बैलगाडीच्या आसाला. मग तीच सुरी रात्री फ्रिजमध्ये, सकाळी बोटानं ढकलून बघा, किती घट्ट होतं ते कळतं.

काळ्या ग्रीसचं काय? काळं दोन प्रकारचं असतं, मॉलिब्डेनमवालं अन् ग्रॅफाइटवालं. मॉलिब्डेनम दाबाखाली चांगलंय, बिजागरीला अन् बोल्टच्या लगांना लावायला हरकत नाही, फक्त हात, कपडे अन् दस्ता काळा करतं. ग्रॅफाइटवालं ॲल्युमिनियमच्या बॉडीला लावू नका, ओल लागली की ॲल्युमिनियम खातं. आजकालच्या पंप ॲक्शन अन् पिस्तुलांत ॲल्युमिनियम सर्रास असतं.

बंदुकीचं म्हणून वेगळं विकतात ते ग्रीस घ्यावं का? पैसे असले तर घ्या, छोटी ट्यूब असते, टोक बारीक असतं, लावायला सोपं जातं. काम मात्र चांगलं लिथियम २ नंबर बी करतं. एकाच अटीवर, डबा बंदुकीसाठी वेगळा ठेवायचा. ज्या डब्यात ट्रॅक्टरची ग्रीसगन बुडते त्यात माती असतेच असते.

घरातल्या वस्तूंचं

ह्यावर सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून जरा सविस्तर.

खोबरेल तेल: नको. २४ अंशाच्या खाली गोठतं, म्हणजे आपल्या हिवाळ्याच्या रात्री बंदुकीत पांढरा थर. वर खवट होतं अन् खवटपणातलं आम्ल लोखंडाला चांगलं नाही.

करडईचं तेल: घरात आहे म्हणून लोकं लावायलेत, पण हे तर सगळ्यात वाईट. करडईत लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, हवा लागली की ते हळूहळू वाळतं अन् चिकट पापुद्रा होतो. तळणीच्या डब्याच्या काठाला जो पिवळा चिकट थर बसतो ना, तोच आतल्या घोड्यावर. जवसाचं तेल अजून लवकर वाळतं, अन् म्हणूनच ते लाकडासाठी एक नंबर! रायफलींच्या दस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जवसाचंच तेल चोळत आलेत. उकळलेलं जवसाचं तेल तळहातानं पातळ चोळा, दिवसभर वाळू द्या, परत चोळा. लोखंडाला मात्र चुकूनही नाही. अन् त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा.

शिलाई मशीनचं तेल: चांगलंय. पातळ खनिज तेल, चिकट होत नाही. मी म्हणीन नव्या माणसानं हीच बाटली अन् एक छोटा ग्रीसचा डबा एवढ्यावरच सुरुवात करावी. गंजापासून मात्र फार दिवस वाचवत नाही, दर पंधरवड्याला हात फिरवावा लागतो.

मोटारसायकलचं इंजिन ऑइल: नवं असेल तर अडीनडीला चालतं. गाडीतून काढलेलं काळं तेल नाही, त्यात आम्लं अन् धातूचा चुरा असतो.

डब्ल्यूडी-४०: १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवायला म्हणून बनवलं, नावातच चाळिसावा प्रयोग आहे. पावसात भिजलेली बंदूक आली तर मारा, पाणी हटतं. पण नंतर पुसून खरं तेल लावा, कारण त्याचा उरलेला थर फार पातळ असतो.

व्हॅसलीन: कपाटात ठेवताना बाहेरून लावायला ठीक. ४० ते ६० अंशाच्या दरम्यान वितळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत काय होईल बघा.

ठासणीची अन् एअर रायफल

ठासणीच्या बंदुकीचा हिशोबच निराळा. काळ्या बारुदीची राख हवेतली ओल ओढते, संध्याकाळी न धुतलेली नळी सकाळी तांबडी. गरम पाणी अन् साबण, मग कोरडी, मग तेल. बार काढायच्या आधी नळीत पेट्रोलियमचं ग्रीस ठेवलं तर जळून डांबरासारखं चिकटतं, तिथं पूर्वीपासून मेण अन् चरबीच वापरायचे. १८५७ ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्डची, त्यावर चरबी होतीच मुळी ह्याच कामासाठी, गोळी सरकावी अन् राख मऊ राहावी म्हणून. नंतर शिपायांना मेण-तुपाचं स्वतः लावा म्हणून सूट दिली, पण तोवर उशीर झाला होता.

एअर रायफल शिकणारी पोरं बरीच वाढलीत, त्यांच्या आईबापांसाठी: स्प्रिंगवाल्या एअर रायफलीच्या हवेच्या नळकांड्यात साधं तेल-ग्रीस घालू नका. हवा एकदम दाबली की तापते, तेल डिझेल इंजिनसारखं पेटतं, फटाका वाजतो, सील जातं. आतल्या कामाला कंपनीच्या पुस्तकात असेल तेच. टाकीत आधीच हवा भरलेल्या रायफलीत ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तिथं २०० बारच्या (हे दाबाचं माप) आसपास दाब असतो, पेट्रोलियमचा प्रयोग तिथं करायचाच नाही. उलट सिलिकॉन ग्रीस लोखंडावर लोखंड घासतं तिथं कुचकामी, म्हणून ती ट्यूब दुनळीच्या बिजागरीला लावू नका.

दसरा, पावसाळा अन् इलेक्शन

खंडेनवमीला-दसऱ्याला पूजा करा, कोण नको म्हणतंय. पण ओलं हळदकुंकू, पाण्याचा शिंतोडा अन् झेंडूची फुलं रात्रभर नळीवर राहिली की सकाळी त्या आकाराचा गंज बसतो. कुंकू दस्त्याला लावा, लोखंडाला नको, अन् आरती झाली की आधी कोरडी चिंधी, मग तेलाची. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाच्या वेळी जुनी शस्त्रं बाहेर काढून साफ करतात, वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी सगळं बाहेर काढायचं हा रिवाज मला लै आवडतो. आपण बी पोळ्याला अन् दसऱ्याला असे दोन दिवस धरले तर निम्मं काम होतं.

पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं. पोत्यात बी नको. कपाटात आडवी किंवा नळी खाली करून, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. गार्ड लोकांनी ड्युटी संपली की हात लागलेल्या सगळ्या लोखंडावरून तेलाची चिंधी फिरवायची, घामातलं मीठ एका रात्रीत बोटांचे ठसे उमटवतं. बिजागरीचं ग्रीस महिन्याला एकदा बघायचं, काळं किंवा खरखरीत लागलं तर पुसून नवं. परवाना आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांचा झालाय, ग्रीस काही ५ वर्षांचं नसतं.

इलेक्शन आलं की बंदूक ठाण्यात जमा करा म्हणून निरोप येतो. तिथं कोठडीत ती महिना-दोन महिने उभी राहते, कुणी पुसायला बसत नाही अन् ती त्यांची ड्युटी बी नाही. म्हणून नेण्याआधी एरवी मी नको म्हणलो ते सगळं करायचं: बाहेरून सगळ्या लोखंडावर दिसेल एवढा ग्रीसचा थर, नळीत बी तेलाची ओली चिंधी फिरवून पातळ ग्रीस. दुसऱ्या महायुद्धात गोदामात ठेवायच्या रायफली अशाच कॉस्मोलिनच्या (गंज रोखणारं मेणकट ग्रीस) घट्ट थरात बुडवून ठेवायचे. चापाच्या कड्याला चिठ्ठी बांधा, "नळीत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय काडतूस घालू नये". पावतीवर नंबर अन् बंदुकीची हालत लिहून घ्या.

परत आणली की पहिल्यांदा नळी उजेडाला धरा. कुंभारीण माशीला असं भोक फार आवडतं, आत मातीचं घर बांधून जाते अन् बाहेरून काही दिसत नाही. पुलथ्रूनं (नळीतून चिंधी ओढायची दोरी) रॉकेलची चिंधी, मग कोरडी चिंधी, मग दुसरी कोरडी, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. चेंबर वेगळं पुसा, तिथल्या कडेला ग्रीस दबा धरून बसतं. मग बिजागरी धुऊन नवं ग्रीस, गुलाएवढंच.